दर महिन्याला तोच समुद्र: अलोहा स्थानक आणि भरसमुद्रातल्या दीर्घकालीन नोंदींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर १९८८ पासून जवळपास दर महिन्याला एक संशोधन नौका होनोलुलूहून निघते, पॅसिफिक महासागरातल्या एका ठरलेल्या जागी जाते, पाणी काढते, मोजते आणि परत येते. या उपक्रमाचं नाव हवाई ओशन टाइम-सिरीज, थोडक्यात 'हॉट'. त्या जागेचं नाव अलोहा स्थानक. खुल्या समुद्राचा अभ्यास प्रत्यक्षात कसा चालतो हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही, म्हणून खालचे बहुतेक प्रश्न त्याच्याभोवती आहेत. पुढे अरबी समुद्र आणि गोवाही येतात, कारण तिथलं पाणी थेट आपल्या किनाऱ्याला लागतं.

स्थानक म्हणजे समुद्रात काही बांधलेलं आहे का?

नाही. २२ अंश ४५ मिनिटं उत्तर अक्षांश आणि १५८ अंश पश्चिम रेखांश हा नकाशावरचा एक बिंदू आहे. त्याभोवती सुमारे १० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ धरायचं, तेच स्थानक. ओआहू बेट तिथून दक्षिणेला साधारण १०० किलोमीटरवर राहतं. खाली पाण्याची खोली सुमारे ४,७५० मीटर.

पुढे तिथे थोडी कायमची उपकरणंही आली. २००४ पासून जवळच एक मोठा बोया तळाशी नांगरून ठेवलेला आहे. तो वारा, ऊन, पाऊस आणि वरच्या थरातलं तापमान सतत नोंदवतो. २०११ मध्ये टेलिफोनची एक निवृत्त समुद्री केबल वापरून थेट तळावर वेधशाळा जोडली गेली. तिच्यामुळे पावणेपाच किलोमीटर खोलीवर वीज पोचते आणि तिथले आवाज किनाऱ्यावर ऐकता येतात. तरीही मुख्य काम नौकेनेच होतं.

हे कुणी आणि कशासाठी सुरू केलं?

हवाई विद्यापीठातले डेव्हिड कार्ल आणि रॉजर लुकास या दोघांनी. कार्ल सूक्ष्मजीवांचे अभ्यासक, लुकास समुद्राच्या भौतिकीचे. पैसा प्रामुख्याने अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा. त्या काळात दोन मोठे आंतरराष्ट्रीय कार्यक्रम उभे राहत होते: एक महासागराचे प्रवाह कसे वाहतात हे शोधणारा, दुसरा महासागर किती कार्बन शोषतो आणि त्याचं पुढे काय होतं हे शोधणारा. त्यांना एखाद्या जागी वर्षानुवर्षं टिकून राहणारी मोजमापं हवी होती. त्याच महिन्यात अटलांटिकमध्ये बर्म्युडाजवळही अशीच मालिका सुरू झाली.

पार्श्वभूमीला आणखी एक गोष्ट होती. हवाईमधल्याच मौना लोआ पर्वतावर चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली होती. सलग मोजत राहिलं तर काय दिसू शकतं, हे त्या एका आलेखाने जगाला दाखवलं होतं. समुद्राच्या बाजूचा तसा आलेख मात्र कुणाकडे नव्हता.

हीच जागा का निवडली?

जागा बेटांपासून इतकी लांब हवी होती की किनाऱ्याचा गाळ, नद्यांचं पाणी, शहरांचं सांडपाणी यांचा परिणाम तिथवर पोचू नये. आणि इतकी जवळही हवी होती की विद्यापीठातून दर महिन्याला जाणं परवडावं. अलोहा दोन्हींत बसतं. शिवाय तिथे व्यापारी वारे ईशान्येकडून येतात, म्हणजे स्थानक बेटांच्या वाऱ्याकडच्या बाजूला आहे. बेटांमुळे वारा आणि प्रवाह ढवळले जातात ते दुसऱ्या बाजूला.

ही जागा उत्तर पॅसिफिकच्या उपोष्ण चक्राकार प्रवाहात येते. पृथ्वीवरच्या सर्वांत मोठ्या परिसंस्थांपैकी ही एक. पोषकद्रव्यं अतिशय कमी, पाणी नितळ, मासे विरळ. 'समुद्रातलं वाळवंट' म्हणून तिची बोळवण करायची जुनी सवय होती. हॉटच्या नोंदींनी ती सवय मोडली असं मी म्हणेन. त्याबद्दल पुढे.

एका सफरीत नेमकं काय काय करतात?

सफर साधारण चार-पाच दिवसांची असते. अनेक वर्षं बहुतेक सफरी 'किलो मोआना' या नौकेवरून झाल्या आहेत. ही दोन समांतर सांगाड्यांवर उभी असलेली नौका आहे, त्यामुळे लाटांवर ती तुलनेने कमी हलते. निघाल्यावर आधी ओआहूच्या काहे टोकाजवळ थांबून उपकरणांची चाचणी होते. विंच, केबल, बाटल्यांची झाकणं, संगणक, सगळं इथेच तपासून घ्यायचं. पुढे भरसमुद्रात गेल्यावर दुरुस्तीला दुकान नसतं.

अलोहाला पोचलं की मुख्य काम सीटीडीचं. ही तापमान, क्षारता आणि खोली सतत मोजत जाणारी उपकरणांची जुडी आहे. तिच्याभोवती गोल चौकटीत २४ लांब नळकांडी बाटल्या उभ्या बसवलेल्या असतात. दोन्ही तोंडं उघडी ठेवून सगळं केबलने खाली सोडतात. परत वर येताना ठरलेल्या खोलीवर थांबून संगणकावरून एक-एक बाटली बंद करायची, म्हणजे त्या खोलीचं पाणी तिच्यात अडकतं. तळाजवळ जाऊन येणाऱ्या एका फेरीला तीन-चार तास लागतात.

उथळ फेऱ्या १,००० मीटरपर्यंतच्या. त्या सलग ३६ तास, दर तीन तासांनी, दिवस असो की रात्र. कारण असं की समुद्राच्या आतही भरती-ओहोटीसारख्या लाटा चालतात आणि त्यांच्यामुळे पाण्याचे थर काही तासांत वरखाली होतात. एकदाच मोजलं तर ती लाट म्हणजेच हवामानातला बदल असं वाटू शकतं. दीड दिवसाची सरासरी घेतली की हा धोका बराच टळतो.

याच वेळात सूर्योदयाआधी पाणी काढून, त्यात किरणोत्सारी कार्बनची किंचित मात्रा घालून बाटल्या पुन्हा समुद्रात वेगवेगळ्या खोलीवर टांगतात. ५ मीटरपासून १२५ मीटरपर्यंत. सूर्यास्तानंतर त्या वर काढल्या की दिवसभरात वनस्पती प्लवकांनी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींनी, किती कार्बन बांधला ते कळतं. या पाण्याला धातूचा स्पर्शही होऊ द्यायचा नसतो. पूर्वी केबल आणि बाटल्यांमधल्या धातूंनी प्लवक दबून जायचे आणि उत्पादन खूपच कमी दिसायचं. शिवाय १५० मीटर खोलीवर तरंगते सापळे सोडतात. वरून खाली झिरपणारे मेलेले जीव, विष्ठा, चिकट कण त्यांच्यात दोन-अडीच दिवस गोळा होतात. रात्री आणि दुपारी जाळी ओढून प्राणी प्लवक पकडतात, कारण त्यातले बरेच फक्त रात्री वर येतात.

बाटल्या वर आल्यावर घाई कशाची असते?

वायूंची. चौकट डेकवर टेकली की पहिला मान विरघळलेल्या वायूंच्या नमुन्यांचा. बाटली उघडून पाणी कमी होऊ लागलं की वरची मोकळी जागा हवेने भरते, आणि हवेतला ऑक्सिजन पाण्यात शिरायला लागतो. म्हणून ऑक्सिजन आधी. मग कार्बन आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे याचं माप), मग पोषकद्रव्यं, आणि क्षारता अगदी शेवटी, कारण मिठाला कुठे जायचं नसतं.

ऑक्सिजनचा नमुना घेताना बघण्यासारखं असतं. काचेच्या छोट्या बाटलीत रबरी नळी तळापर्यंत घालतात. पाणी सावकाश भरून वरून बराच वेळ ओसंडू देतात. आत एक बुडबुडा राहिला तरी नमुना वाया गेला. मग मँगनीजचा क्षार आणि अल्कली आयोडाइड, अशी दोन रसायनं थेट तळाशी सोडून झाकण लावायचं आणि बाटली जोरात हलवायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी गाळ ढगासारखा पसरतो. पुढे आम्ल घालून आयोडीन मोकळं करायचं आणि टायट्रेशनने मोजायचं. ही विंकलर पद्धत १८८८ सालची. इतके इलेक्ट्रॉनिक संवेदक आले, तरी त्यांची तपासणी आजही या गाळावरच होते.

कार्बनच्या नमुन्यात मर्क्युरिक क्लोराइडचे थेंब टाकतात. आतले जीव मेले नाहीत तर ते श्वास घेत राहतील आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत आकडा बदललेला असेल.

आणखी एक प्रथा जगभरच्या नौकांवर आहे. खोल फेरीच्या वेळी चौकटीला जाळीच्या पिशवीत थर्माकोलचे रंगवलेले कप बांधून पाठवतात. तळाशी दाब वातावरणाच्या सुमारे ४८० पट असतो. वर येतात तेव्हा कपांतली सगळी हवा पिळून निघालेली असते आणि कप बोटाच्या टोपणाएवढे झालेले असतात. त्यांच्यावरची नावं, चित्रं तशीच, फक्त इवलीशी. शाळेतल्या मुलांना समुद्राचा दाब समजवायला याहून सोपं साधन नाही.

तीस-पस्तीस वर्षांत माणसं, नौका, यंत्रं बदलली. मग आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा?

या सगळ्या खटाटोपातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. मधुमेही माणसाची उपाशीपोटीची साखर आज एका लॅबमध्ये, पुढच्या महिन्यात जेवणानंतर दुसऱ्या लॅबमध्ये तपासली, तर त्या दोन आकड्यांची तुलना कुठलाच डॉक्टर करणार नाही. समुद्राचंही तसंच, आणि इथे शोधायचा बदल वर्षाला पीएचच्या तिसऱ्या दशांश स्थळी असतो.

त्यासाठी संदर्भ पाणी वापरतात. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत अँड्र्यू डिक्सन यांच्या प्रयोगशाळेने कार्बनचं नेमकं प्रमाण ठरवलेलं समुद्री पाणी बाटल्यांत भरून जगभर पुरवलं. आपल्या यंत्रावर आधी ती बाटली मोजायची, आकडा जुळला तरच नमुने घ्यायचे. क्षारतेसाठीही असंच प्रमाणित पाणी असतं. नवं यंत्र किंवा नवी पद्धत आणायची असेल, तर जुनी लगेच टाकून देत नाहीत. काही सफरी दोन्ही सोबत चालवतात, फरक नोंदवतात, मगच जुनी थांबवतात. कुठल्या सफरीत कोणती पद्धत होती, काय बिघडलं, कोणता नमुना संशयास्पद आहे, हे सगळं आकड्यांसोबत लिहून ठेवलेलं असतं. मला विचाराल तर या उपक्रमाची खरी संपत्ती त्या टिपणांत आहे.

एवढं करून सापडलं काय?

सर्वांत जास्त दाखवला जाणारा आलेख कार्बनचा आहे. मौना लोआवर १९८८ मध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्षात सुमारे ३५० भाग होता, २०२४ मध्ये सुमारे ४२४. अलोहाच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड जवळजवळ त्याच वेगाने वर चढला. सोबत पृष्ठभागाचा पीएच वर्षाला सरासरी ०.००१८ च्या आसपास घसरत राहिला. समुद्र आम्लीकरणाचं हे अनुमान नव्हे, थेट मोजमाप आहे. जगभरच्या अहवालांत हवेची रेघ आणि पाण्याची रेघ शेजारी-शेजारी दिसते, ती बहुतेक वेळा याच दोन ठिकाणांची.

पण रेघ सरळ नव्हती, हे मला जास्त मोलाचं वाटतं. १९८९ ते २००१ या काळात इथल्या समुद्राची कार्बन शोषण्याची क्षमता कमी झालेली दिसली. शोध घेतल्यावर कळलं की त्या भागात पाऊस घटला, बाष्पीभवन वाढलं, वरचं पाणी जास्त खारट झालं, आणि त्यासोबत त्यातलं कार्बनचं प्रमाणही वर गेलं. म्हणजे एखाद्या जागी समुद्र किती कार्बन घेईल हे पाऊसपाण्यावरही ठरतं. दोन-चार वर्षं मोजून कुणी निष्कर्ष काढला असता तर तो चुकला असता.

आता 'वाळवंटा'बद्दल. इथल्या पाण्यात प्रोक्लोरोकॉकस नावाचा जिवाणू भरून आहे, एका मिलिलिटरमध्ये लाखाच्या घरात. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही तो लहान आहे. सॅली चिझम आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली, त्याआधी तो कुणाच्या नजरेतच आला नव्हता. सूर्यप्रकाशावर जगणारा पृथ्वीवरचा बहुधा सर्वांत विपुल जीव हाच. काळजीपूर्वक मोजल्यावर या निळ्या पाण्यातलं उत्पादन जुन्या समजापेक्षा बरंच जास्त निघालं.

मग खत कुठून येतं? वरच्या थरात नायट्रेट जवळपास नसतंच. उत्तर हवेत होतं. इथले काही सूक्ष्मजीव हवेतला नायट्रोजन थेट वापरतात, आपल्याकडे तुरीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू करतात तेच काम. हॉटच्या हिशेबाने नव्या उत्पादनाला लागणारा निम्म्याच्या आसपास नायट्रोजन या वाटेने येतो. अशा जीवांपैकी एकाचा जनुकीय माग पहिल्यांदा अलोहाच्याच पाण्यात जोनाथन झेर यांच्या गटाला लागला. २०२४ मध्ये स्पष्ट झालं की तो आता स्वतंत्र जिवाणू राहिलेलाच नाही. एका शैवालाच्या पेशीत तो अवयव म्हणून मुरला आहे. त्याला नायट्रोप्लास्ट म्हणतात.

आणि माझा आवडता शोध. ४,००० मीटर खोलीवर नांगरून ठेवलेल्या सापळ्यांत जवळपास दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये वरून पडणाऱ्या कार्बनची मात्रा एकाएकी वाढते. वरून पाहिलं तर त्या दिवसांत काही वेगळं घडतंय असं वाटतही नाही. तेरा वर्षांचे नमुने एकत्र मांडले तेव्हा वेळापत्रक उघड झालं. नायट्रोजन बांधणारे सोबती पोटात बाळगणारे काचेरी कवचाचे डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल त्या काळात वाढतात आणि झपाट्याने तळाकडे बुडतात, आपल्यासोबत कार्बन घेऊन. हे वर्षातून एकदा जाणाऱ्या मोहिमेला कधीच दिसलं नसतं.

म्हणजे समुद्र आम्ल झाला आहे का?

नाही. पीएच साधारण ८.११ वरून ८.०५ च्या आसपास आला आहे, म्हणजे पाणी अजून अल्कलीच आहे. पण हे माप लॉगरिदमिक असल्यामुळे ०.०६ ची घट म्हणजे हायड्रोजन आयनांत सुमारे १५ टक्के वाढ. शिंपले, प्रवाळ, चुन्याचं कवच करणारे प्लवक यांना कवच बांधणं त्यामुळे जड जातं.

उपग्रह आहेत, तरंगते रोबो आहेत. मग नौकेचा खर्च कशाला?

उपग्रह रंग पाहतो, तोही अगदी वरच्या थराचा. अलोहाला प्लवकांतल्या हरितद्रव्याचा सर्वांत दाट थर १०० ते १२५ मीटरच्या दरम्यान असतो. तो उपग्रहाला दिसतच नाही.

आर्गो हा रोबोंचा ताफा अतिशय मोलाचा आहे, यात शंका नाही. जगभर सुमारे ४,००० यंत्रं दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत बुडी मारून तापमान आणि क्षारता पाठवतात. काही नवी यंत्रं ऑक्सिजन, पीएच, नायट्रेटही मोजतात. पण वर्षानुवर्षं पाण्यात राहून त्यांच्या संवेदकांचे आकडे हळूहळू सरकतात. ते किती सरकले हे ठरवायला नौकेने काढलेलं, प्रयोगशाळेत तपासलेलं पाणीच लागतं. जीव कोणते आहेत, जनुकं कोणती, सापळ्यात काय पडलं, हे रोबो सांगू शकत नाही. आणि बहुतेक रोबो निम्म्या खोलीवरूनच परत फिरतात. तळाजवळचं पाणीही तापू लागलं आहे हे कळलं, ते समुद्र ओलांडणाऱ्या ठरावीक रेषांवर दर दशकाला पुन्हा जाणाऱ्या नौकांमुळे.

नौकेचा एकेक दिवस हजारो डॉलर खातो, हे खरं आहे. तरी मी तो खर्च वाजवी मानतो, कारण बाकीच्या सगळ्या स्वस्त साधनांची विश्वासार्हता त्याच्यावर उभी आहे.

एखादा महिना चुकला तर काय बिघडतं?

तो महिना कायमचा जातो. प्रयोगशाळेतला प्रयोग पुन्हा करता येतो, मार्च २०२० चं पाणी पुन्हा काढता येत नाही. त्या वर्षी साथीमुळे जगभरच्या संशोधन नौका बंदरांत परत बोलावल्या गेल्या आणि अनेक जुन्या मालिकांना भोकं पडली. एखाद-दुसरी फेरी हुकली तर दीर्घ कल फारसा हलत नाही. पण नेमकी त्याच वेळी एखादी उष्णतेची लाट किंवा प्लवकांचा बहर येऊन गेला असेल, तर तो नोंदीतून गायब.

वादळ आणि नादुरुस्त विंच यांपेक्षा मोठी भीती अनुदानाची असते. पैसा काही वर्षांपुरता मंजूर होतो, मग पुन्हा अर्ज, पुन्हा परीक्षण, आणि दर वेळी तोच प्रश्न: यात नवीन काय? ज्या कामाचं सगळं मोल तेच-तेच करण्यात आहे, त्याला हा प्रश्न विचारणं मला अन्यायाचं वाटतं. नव्या कल्पनांना पैसा मिळायलाच हवा, पण या नोंदींसाठी वेगळी, स्थिर तरतूद हवी.

किती वर्षं मोजलं की पुरे?

काय शोधताय त्यावर आहे. पीएचचा कल दीड दशकात स्पष्ट होतो, कारण त्याचे नैसर्गिक चढउतार तुलनेने लहान असतात. प्लवकांचं उत्पादन एल निनो आणि दशकांच्या झोक्यांनी इतकं हलतं की त्यातून हवामानबदलाचा वाटा वेगळा काढायला तीस-चाळीस वर्षं लागू शकतात. म्हणजे अलोहाची मालिका काही प्रश्नांसाठी आत्ता कुठे वयात येते आहे.

नुसत्या एका जागेवरून अख्ख्या महासागराबद्दल बोलता येतं का?

येत नाही, आणि तसा दावा कुणी करतही नाही. म्हणून इतर मालिका लागतात. बर्म्युडाजवळ हेन्री स्टॉमेल यांनी १९५४ मध्ये सुरू केलेलं हायड्रोस्टेशन एस आहे. ईशान्य पॅसिफिकमध्ये ५० अंश उत्तरेला 'पापा' स्थानक आहे. तिथे आधी हवामान नौका उभ्या राहायच्या, त्यांनी १९५६ पासून पाण्याचे नमुनेही घेतले. १९८१ मध्ये त्या नौका बंद झाल्या, पण कॅनडाच्या संशोधन नौकांनी ती रेषा सोडली नाही. २०१३-१४ मध्ये तिथे पसरलेला गरम पाण्याचा प्रचंड पट्टा किती असाधारण आहे हे म्हणूनच लगेच सांगता आलं. कॅलिफोर्नियात सार्डिन माशांची संख्या कोसळल्यावर १९४९ मध्ये सुरू झालेल्या फेऱ्या आजही चालू आहेत. जपानची हवामान संस्था १९६७ पासून १३७ अंश पूर्व रेखांशावर नौका पाठवते.

आधीच्या नोंदी असल्या की अचानक घडणाऱ्या गोष्टींचाही अर्थ लागतो. २०१८ मध्ये हवाईतल्या किलाउआ ज्वालामुखीचा लाव्हा समुद्रात कोसळू लागला आणि काही दिवसांत निळ्या पाण्यात हिरवा पट्टा उमटला, शंभराहून अधिक किलोमीटर पसरला. लाव्हातलं लोह प्लवकांना मिळालं असेल, असा पहिला अंदाज. हवाईच्या शास्त्रज्ञांनी नौका नेऊन पाणी तपासलं तर त्यात नायट्रेट भरपूर, आणि लाव्हात नायट्रेट जवळपास नसतं. तापलेलं खोल पाणी उसळून वर आलं होतं आणि त्याने खोलवरचं खत सोबत आणलं होतं.

अरबी समुद्रात असं काही आहे का?

आहे, आणि पुरेसं नाही.

१९५९ ते १९६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत चाळीसहून अधिक नौकांनी हा महासागर पिंजून काढला. त्या कामातूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, जी आज गोव्यात दोना पावलाला आहे. १९७६ मध्ये 'गवेषणी', १९८३ मध्ये 'सागर कन्या', २०१४ मध्ये 'सिंधु साधना' अशा नौका आल्या. १९९४ ते १९९७ दरम्यान 'सागर कन्या'वरून अरबी समुद्रातल्या कार्बनचा मोठा अभ्यास झाला.

या समुद्राचं वैशिष्ट्य म्हणजे सुमारे १५० ते १,००० मीटरच्या दरम्यानचा ऑक्सिजन जवळजवळ संपलेला थर. वर सांगितलेली विंकलरची बाटली इथल्या पाण्याने भरली तर गाळ तपकिरी होत नाही, पांढरट राहतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात असं कमी ऑक्सिजनचं पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागात वर सरकतं. गोव्यात कांदोळीसमोर, सुमारे २७ मीटर खोलीच्या पाण्यात, १९९७ पासून संस्थेची काल-मालिका आहे. पावसाळ्याअखेर तळाजवळ ऑक्सिजन संपतो, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हायड्रोजन सल्फाइडही सापडतो, आणि नायट्रस ऑक्साइड हा तीव्र हरितगृह वायू मोठ्या प्रमाणात तयार होतो. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये हे जगापुढे मांडलं. कोकण-गोव्याच्या मासेमारीशी याचा थेट संबंध आहे, कारण तळाचे मासे असं पाणी टाळून पळतात.

पण कांदोळी हा किनारा झाला. भरसमुद्रात, मध्य अरबी समुद्रात, अलोहाइतकी जुनी, दर महिन्याची, तळापर्यंत जाणारी मालिका आपल्याकडे नाही. मोहिमा झाल्या, बोये आहेत, आर्गो यंत्रं आहेत. तरीही उत्तर अरबी समुद्रात या शतकाच्या सुरुवातीपासून हिवाळ्यात हिरव्या नॉक्टिलुका या प्लवकाचे दाट बहर दिसू लागले, तेव्हा ते नक्की कशामुळे यावर दीर्घ वाद झाला. आधीची दोन-तीन दशकं दर हिवाळ्यात त्याच जागी मोजलेलं असतं, तर तो वाद बराच लवकर मिटला असता असं मला वाटतं. पावसाळ्यात तिथे नौका उभी ठेवणं कठीण आहे, हे मान्य. पण ऑक्सिजन सर्वांत वेगाने बदलणारा काळ तोच आहे.

नौकेवर कोण-कोण असतं? बोट लागते का?

खलाशी, अभियंते, स्वयंपाकी, तंत्रज्ञ, शास्त्रज्ञ आणि बरेच विद्यार्थी. पाळ्या लावून चोवीस तास काम चालतं. बोट जवळजवळ सगळ्यांना लागते, पहिल्या एक-दोन दिवसांत. गोळी निघण्याआधी घ्यावी, पोटात ढवळायला लागल्यावर तिचा फारसा उपयोग नसतो. पोट रिकामं ठेवू नये आणि होईल तितकं क्षितिजाकडे पाहावं.

हे आकडे आपल्याला मिळतात का?

मिळतात, फुकट, कुठल्याही परवानगीविना. हॉटचे १९८८ पासूनचे आकडे विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खुले आहेत. महाविद्यालयीन प्रकल्पासाठी यासारखं साहित्य नाही.

मराठी विद्यार्थ्याला या कामात यायचं असेल तर?

रसायन, भौतिकी, जीवशास्त्र, गणित, संगणक, कुठूनही येता येतं. गोवा विद्यापीठात समुद्रविज्ञानाचं पदव्युत्तर शिक्षण आहे, शेजारीच दोना पावलाची संस्था आहे, कोचीला सागरी सजीव संपदेचं केंद्र, हैदराबादला महासागराची माहिती पुरवणारं राष्ट्रीय केंद्र इन्कॉइस. पोहता येणं चांगलं, पण टायट्रेशन नीट येणं त्याहून उपयोगी. सुरुवात घरूनही होते. अलोहाच्या पृष्ठभागाच्या पाण्याचे पीएचचे सगळे आकडे उतरवून घ्या, आधी फक्त पहिली पाच वर्षं आलेखावर मांडा आणि कल ओळखायचा प्रयत्न करा. मग उरलेली सगळी वर्षं त्याच आलेखात भरा.